सकाळी सुजलेला चेहरा आणि हलक्या हाताचं मालिश

ओलिताची लाइन रात्रीची असली की दोन वाजता उठून मोटार सुरू करायला जावं लागतं. हरभरा उभा असला की रानडुकरांपायी जागल असते. उन्हाळ्यात लग्नसराई, त्यात रात्री अकराला सावजी रस्सा, वर पापड-लोणचं, मग कूलरसमोर आडवं होणं. सकाळी आरशात पाहावं तर डोळ्यांखाली फुगवटा, पापण्या जड, गाल भरून आलेले. बोअरिंगवर पाणी भरताना शेजारीण विचारणारच, "काऊन वं, रात्रभर रडली का?"

अशा सुजेवर घरच्या घरी करण्यासारखं एक मालिश आहे. पार्लरमध्ये त्याला लिम्फॅटिक ड्रेनेज म्हणतात आणि त्याचे बऱ्यापैकी पैसे घेतात. मोबाइलवरच्या व्हिडिओंत त्यानं चेहरा बारीक होतो, शरीरातलं विष निघतं, असं काहीबाही सांगतात. ते सोडून द्या. साचलेलं पाणी थोडं लवकर हलवणं एवढंच हे मालिश करतं. पण ते नीट व्हायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात : हात फार हलका हवा, आणि सुरुवात चेहऱ्यापासून नको, मानेच्या बुडापासून हवी. त्याच्याही आधी, आपल्या चेहऱ्यावरची सूज हात लावण्यासारखी आहे का, हे ओळखता आलं पाहिजे.

आत काय चालतं

बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी सारखं पाझरत असतं. त्यातलं मागे उरलेलं पाणी कातडीखालच्या केसाहून बारीक नळ्या उचलतात. हे पाणी म्हणजे लसीका, इंग्रजीत लिम्फ. दिवसाकाठी साधारण दोन ते चार लिटर लसीका अशी गोळा होऊन परत रक्तात जाते. वाटेत तिला गाठींतून जावं लागतं. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येतं, दाढ ठणकली की जबड्याखाली गाठ हाताला लागते. त्या याच गाठी. शरीरातल्या अशा गाठींचा मोठा हिस्सा एकट्या मानेत आहे.

रक्ताला ढकलायला हृदय आहे, लसीकेला तसा पंप नाही. तिच्या नळ्या स्वतःच हळूहळू आकसतात, आजूबाजूचे स्नायू हलले की दाबल्या जातात आणि श्वासाबरोबर छातीकडे ओढ बसते. नळ्यांत एकाच दिशेनं उघडणाऱ्या झडपा असतात, त्यामुळे पुढे गेलेलं पाणी मागे येत नाही. चेहऱ्याची लसीका कानापुढच्या, जबड्याखालच्या आणि मानेतल्या गाठींतून उतरत गळ्याखालच्या हासळीच्या हाडामागे मोठ्या शिरेत मिसळते. उजव्या चेहऱ्याची उजवीकडे, डाव्याची डावीकडे.

ही वाट बंद झाली तर काय होतं, हे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या माणसाला वेगळं सांगायला नको. हत्तीरोगाचे जंत याच नळ्यांत राहतात आणि त्या निकामी करतात, म्हणून पाय सुजत जातो. आरोग्य खात्याची माणसं दारात उभी राहून, समोर गोळ्या गिळायला लावतात ते त्याचसाठी. त्या गोळ्या चुकवू नका. असल्या आजाराला या लेखातलं मालिश पुरं पडत नाही.

झोपेत चेहरा का सुजतो, तेही सोपं आहे. दिवसभर डोकं वर असतं, आपण बोलतो, चावतो, पापण्या मिचकावतो. रात्री सपाट पडलो की उतार संपतो आणि स्नायूही थंडावतात. वर मीठ जास्त गेलं असेल तर शरीर पाणी धरून ठेवतं. पापणीची कातडी सगळ्या शरीरात पातळ आणि तिच्याखाली सैल जागा, त्यामुळे पाणी आधी तिथंच दिसतं.

ही मालिशची पद्धत आली डेन्मार्कच्या एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांच्याकडून. १९३० च्या दशकात ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर काम करत. जुनाट सर्दी-सायनसचे रुग्ण यायचे, त्यांच्या मानेत गाठी लागायच्या. त्या काळी अशा गाठींना हात लावायचा नाही असाच दंडक होता. व्होडरांनी हलक्या हातानं तिथंच काम केलं आणि १९३६ साली पॅरिसमध्ये आपली पद्धत लोकांपुढे ठेवली. आज ऑपरेशननंतरच्या सुजेवर फिजिओथेरपीत ती वापरली जाते. नुसत्या सौंदर्यासाठी तिचा किती उपयोग होतो, यावर मात्र अभ्यास फार थोडा झालाय. अनुभव एवढाच की सकाळचा फुगवटा काही तासांसाठी उतरतो आणि डोकं हलकं वाटतं.

कोणत्या सुजेला हात लावायचा नाही

हा भाग वगळून खाली उडी मारू नका. गावात सूज दिसली की आधी चोळायची सवय आहे, आणि घोळ तिथंच होतो.

दाढेत पू होऊन गाल सुजला असेल, नाकाजवळ किंवा ओठावर फोड आला असेल, कातडी लाल-गरम असून ठणकत असेल, अंगात ताप असेल, तर मालिश बिलकूल नको. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातला फोड दाबला तर जंतुसंसर्ग शिरांवाटे डोक्याकडे जाऊ शकतो. लेकराला गालफुगी झाली असेल तरी हात लावू नका. नागीण उठली असेल तरी नाही.

जंगलपट्ट्यातल्या बायांना बिब्बा ठाऊक आहे. गोडंबी फोडताना त्याचं तेल हाताला लागतं, तोच हात तोंडावर फिरतो आणि दुसऱ्या दिवशी डोळे बंद होईस्तोवर चेहरा सुजतो. बिब्बा उतला म्हणतात तो हा. केसांच्या काळ्या रंगानं किंवा काळ्या मेंदीनंही काहींचं असंच होतं. कपाशीवर फवारणी करून आल्यावर डोळे-चेहरा चुरचुरत असेल तर आधी अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्यानं भरपूर धुवा. डोळ्यांना साबण नको, त्यांवर नुसतं स्वच्छ पाणी बराच वेळ सोडत राहा. सोबत मळमळ, घाम, लाळ किंवा अंधारी असेल तर थेट दवाखाना. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कोणी विसरलेलं नाही. या सगळ्यांत चोळल्यानं कातडी जास्तच भडकते.

ओठ, जीभ, डोळे एकदम सुजायला लागले, आवाज बसला, दम लागला, तर आरसा सोडा आणि १०८ ला फोन करा. आग्या मोहोळाच्या माशा चावल्यावर, एखाद्या औषधानंतर, अगदी बीपीच्या काही गोळ्यांनीही असं होऊ शकतं.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी म्हणतो की पापण्या उघडत नाहीत, पोट दुखतं, थुंकी गिळता येत नाही. ही सूज नव्हे. पापण्या लोंबतात, फुगत नाहीत. मण्याराचा दंश असाच असतो : रात्री झोपेत होतो, फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. मांत्रिकाकडे, मालिशवालीकडे एक मिनिट घालवू नका. सापाच्या विषावरची लस जिथं मिळते त्या सरकारी दवाखान्यात न्या.

रोज सकाळी डोळे सुजतात, संध्याकाळी पायही सुजतात, लघवीला फेस येतो, तर मूत्रपिंडाची तपासणी हवी. लहान लेकराचे डोळे आठवडाभर सकाळी सुजत असतील आणि पोट मोठं दिसत असेल, तर ते बाळसं नव्हे, लघवी तपासा. पाचव्या महिन्यानंतर गरोदर बाईचा चेहरा आणि हात सुजले, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे चमकतं, तर त्याच दिवशी आशाताईला सांगून बीपी मोजून घ्या. दम लागून सूज येत असेल तर हृदय तपासायला हवं. केस गळतात, थंडी सोसत नाही, आवाज जाडा झाला, अन् चेहरा सुजकट राहतो, तर थायरॉइड.

एक सूज मला खूप वेळा दिसते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. गुडघेदुखीसाठी कुठल्याशा डॉक्टरकडून महिनोन्‌महिने पुड्या आणलेल्या असतात. दुखणं कसं जादूसारखं थांबतं, पण चेहरा गोल गरगरीत होत जातो आणि मानेमागे मांस चढतं. पुडीत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. मालिशनं हा गोलवा उतरत नाही. आणि पुडी एकाएकी बंदही करायची नाही, त्यानं जिवावर बेतू शकतं. खऱ्या डॉक्टरला दाखवून हळूहळू उतरवावी लागते.

मानेत गाठ लागली आणि ती दोन आठवड्यांत गेली नाही, वाढते आहे, दगडासारखी घट्ट आहे, तर तिच्यावर बोटं फिरवायची नाहीत. गंडमाळा म्हणजे गाठींचा क्षयरोग, तो अजून आपल्या भागात भेटतो. त्याची तपासणी आणि औषध प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोफत मिळतं.

शेवटी, ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा मोठा आजार आहे, रक्ताची गुठळी झालेली आहे, थायरॉइड वाढलेला किंवा गलगंड आहे, मानेच्या शिरा आकसल्या आहेत असं डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांनी विचारल्याशिवाय मानेला हात लावू नये. साठीपुढच्या माणसांनी मानेवर एका वेळी एकाच बाजूला काम करावं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डोळ्यांची पायरी सोडून द्या.

यातलं काहीच नसेल, सूज दोन्ही बाजूंना सारखी असेल, दुखत नसेल आणि दुपारपर्यंत आपोआप उतरत असेल, तर ती आपल्या कामाची.

तयारी

सकाळी चूळ भरून, तोंड धुऊन बसा. हात साबणानं धुवा आणि नखं कापलेली असू द्या. गळ्यातलं मंगळसूत्र, पोत काढून ठेवा, बोटं अडखळतात. ब्लाउज किंवा सदऱ्याचा गळा हासळीपर्यंत मोकळा हवा. भिंतीला टेकून बसा किंवा बाजेवर दोन उशा घेऊन रेला. सपाट झोपून करू नका.

तेल नको. याला बाया तयार होत नाहीत, कारण मालिश म्हटलं की कोमट तीळतेलाची वाटी आलीच. पण तेलानं बोट कातडीवरून घसरतं. इथं बोटानं कातडी जरा ताणायची असते, म्हणजे खालच्या बारीक नळ्यांची तोंडं उघडतात. घसरलेलं बोट ते करत नाही. कातडी फारच कोरडी असेल, हिवाळ्यात ओठ-गाल उलत असतील, तर तेलाचा एक थेंब हातावर चोळून पुसून टाका.

आता दाब. एका हाताच्या मागची फुगलेली शीर पाहा. तिच्यावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवून कातडी थोडी सरकवा. शीर दबून नाहीशी झाली तर जोर जास्त. बोटाच्या नखाखालचा रंग पांढरा पडला तरी जोर जास्त. कातडी हलली पाहिजे आणि खालचं मांस हलता कामा नये. बाळंतिणीला आणि बाळाला रगडून मालिश करणाऱ्या अनुभवी हातांना हे सगळ्यात जड जातं. "एवढ्यानं काय होते बापा, जोर लाव ना," असं म्हणणारी मावशी प्रत्येक गावात आहे. पायाच्या पोटऱ्या द्या तिला रगडायला, चेहरा नको. जोरानं या नळ्या दबून बंद होतात आणि कातडी लाल होऊन तिथं आणखी पाणी येतं.

गतीही हळू. एका हालचालीला दोन ते तीन सेकंद. ताणा, सोडा, कातडीला स्वतःहून परत येऊ द्या. ओढत मागे आणायची नाही. सगळं मिळून आठ-दहा मिनिटं लागतात.

खालून सुरुवात का

शेतात पाणी साचलं की आपण वरून लोटत बसत नाही, आधी खालच्या धुऱ्याकडची नाली उघडतो. वरचं पाणी मग आपसूक चालायला लागतं. इथंही आधी हासळी, मग मान, मग जबडा, आणि सगळ्यात शेवटी डोळे-कपाळ. बहुतेक व्हिडिओंत थेट डोळ्यांखालून सुरुवात करतात.

पायऱ्या

पहिली : श्वास. एक हात पोटावर ठेवा. नाकानं सावकाश श्वास घ्या, पोट वर येऊ द्या, तोंडानं सोडा. असे पाच. छातीतली मोठी लसीकावाहिनी या श्वासानं ओढली जाते. पायरी साधी आहे म्हणून गाळू नका.

दुसरी : हासळीचे खळगे. खांद्यापासून गळ्याकडे येणाऱ्या हाडाच्या लगेच वर, मानेच्या बुडाशी खळगा लागतो. खांदे किंचित उचलले की तो जास्त खोल होतो, सापडला की खांदे सोडा. दोन हात छातीवर आडवे घेऊन उजव्या हाताची तीन बोटं डाव्या खळग्यात आणि डाव्या हाताची उजव्यात सपाट ठेवा. टोकानं टोचायचं नाही. कातडी आत आणि खाली, हाडाकडे हलकेच ताणा आणि सोडा. दहा वेळा. सगळ्या चेहऱ्याचं पाणी शेवटी इथूनच जाणार आहे, म्हणून घाई असली तरी ही पायरी पूर्ण करा. काहींना इथं करता करता गिळावंसं वाटतं किंवा जांभई येते, त्यात वावगं काही नाही.

तिसरी : मान. मानेचे दोन टप्पे धरा. आधी खालचा अर्धा, मग कानाखालचा अर्धा. बोटं मानेच्या बाजूला सपाट ठेवून कातडी मागे आणि खाली, खळग्याच्या दिशेनं ताणा. प्रत्येक टप्प्यावर सात वेळा. घशाच्या नळीजवळ, जिथं नाडी उडताना लागते, तिथं जायचं नाही. त्या जागी दाब पडला तर नाडी मंदावून भोवळ येऊ शकते. बोटं कानाच्या रेषेत राहिली म्हणजे झालं.

चौथी : कान. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या बेचकीत कान घ्या. एक बोट कानापुढे, एक मागे. कातडी मागे-खाली ताणा, सोडा. सात वेळा. कानापुढच्या गाठींत डोळ्यांच्या बाहेरच्या भागाचं आणि कपाळाच्या बाजूचं पाणी येतं, म्हणून डोळ्यांआधी ही जागा मोकळी करायची.

पाचवी : जबड्याखाली. हनुवटीच्या खाली, हाडाच्या आतल्या काठाशी बोटं सपाट ठेवा. हनुवटीच्या मधोमध, मग थोडं मागे, मग जबड्याच्या कोपऱ्याशी, अशा तीन जागा. प्रत्येक ठिकाणी कातडी कानाकडे ताणून पाच वेळा. बोटं घशात रुतवायची नाहीत. संपल्यावर कानाखालून मानेवर तीनदा उतरा, म्हणजे इथवर आलेलं पाणी अडून राहत नाही.

सहावी : तोंड आणि गाल. हनुवटीवरून जबड्याच्या कोपऱ्याकडे. मग ओठांच्या कडेपासून तिकडेच. नाकपुडीच्या बाजूनं खाली उतरून जबड्याकडे. मग गालाच्या उंचवट्यावरून कानापुढे. प्रत्येक वाटेवर पाच-पाच. बोटं सरकवत न्यायची नाहीत. जागेवर ताणा, सोडा, उचला, पुढच्या जागी ठेवा. सायनसनं गाल जड राहणाऱ्यांना नाकाच्या बाजूची वाट बरी वाटते, पण नाकातून हिरवट-पिवळं येतंय आणि ताप आहे तेव्हा नाही.

सातवी : डोळे. इथं करंगळीशेजारचं बोट वापरा, त्यात जोर कमी असतो. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. बोट बुबुळावर नाही, खोबणीच्या हाडावर ठेवायचं. खालच्या पापणीच्या आतल्या अर्ध्या भागाचं पाणी नाकाच्या कडेनं जबड्याकडे उतरतं, बाहेरच्या अर्ध्याचं कानापुढे जातं. म्हणून आतला भाग नाकाच्या उतारावरून खाली आणि बाहेरचा कानशिलाकडे. भुवईच्या खालच्या काठानं बाहेरच्या बाजूला. प्रत्येक जागी पाच वेळा, बोट टेकलंय एवढंच कळावं इतक्या दाबानं. डोळ्यांखाली सुरकुत्या उमटत असतील तर तुम्ही ओढताय.

आठवी : कपाळ. दोन्ही हातांची बोटं मधोमध ठेवून कानशिलाकडे, तीन टप्प्यांत. रात्री नीट झोप न झालेल्याला इथं पटकन आराम पडतो.

नववी : परतीची वाट. कानशील, कान, मान, हासळी या क्रमानं प्रत्येक जागी तीन-चार वेळा. शेवटी खळग्यात पुन्हा पाच वेळा आणि दोन मोठे श्वास. ही पायरी गाळली तर वरून हललेलं पाणी जबड्याशी येऊन बसतं, अन् मग बाया म्हणतात डोळे उतरले पण गाल फुगले.

सडा-सारवण, डबे, गुरांचं शेण, एवढ्या धबडग्यात रोज दहा मिनिटं मिळत नाहीत. ज्या दिवशी वेळ नसेल त्या दिवशी पहिली, दुसरी, तिसरी, सातवी आणि नववी करा. चूल पेटवून दूध तापेपर्यंत होतात.

करताना दुखलं, लाली आली, डोकं गरगरलं, तर थांबा. दुखणं म्हणजे मालिश "लागलं" असं इथं नसतं. झाल्यावर तहान लागली तर पाणी प्या. तांब्याभर पाणी पिऊन विष बाहेर काढण्याचा प्रकार यात नाही, ते काम मूत्रपिंड आणि यकृत न सांगता करतात.

किती दिवस, किती फरक

सूज येते त्या दिवशी करा किंवा रोज करा, दोन्ही चालतं. फरक अर्ध्या-एक तासात दिसतो आणि दिवसभर पुरतो न पुरतो. दुसऱ्या रात्री पुन्हा लोणचं-पापड झालं की सकाळी पुन्हा तेच. हनुवटीखालची चरबी यानं जात नाही. डोळ्यांखालच्या ज्या पिशव्या सकाळ-संध्याकाळ सारख्याच दिसतात, त्या वयानं पुढे आलेल्या चरबीच्या असतात. त्याही जात नाहीत. काळी वर्तुळंही नाहीत. दगडाचे रोलर, चेहऱ्यावर फिरवायच्या गुआ शा नावाच्या दगडी पट्ट्या घ्यायची गरज नाही. हाताच्या बोटांना दाब कळतो, दगडाला कळत नाही.

माझं विचाराल तर मालिशपेक्षा जास्त फरक रात्रीच्या ताटात पडतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. आपल्याकडे ठेचा, वाळवलेल्या भरल्या मिरच्या, पापड, कुरडई, लोणचं हे सगळं मिठातच मुरलेलं. बंद करा असं कोणी ऐकणार नाही. दुपारच्या जेवणात खा आणि रात्री टाळा. उशी जरा उंच घ्या, किंवा बाजेच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट सारा. कूलरचा झोत थेट तोंडावर नको. तुरीची मळणी, कापूस वेचणी, सोयाबीनचं कुटार भरताना नाका-तोंडाला ओढणी किंवा दुपट्टा बांधा आणि घरी आल्यावर डोळे धुवा, कारण त्या धुळीनं चुरचुरलेले डोळे आपण रात्रभर चोळतो आणि सकाळी ते सुजतात.

आणि फ्रीज नसला तरी माठ आहे. स्टीलचे दोन चमचे माठातल्या पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवा. सातवी पायरी झाली की त्यांची पाठ बंद पापण्यांवर मिनिटभर टेकवा. थंडाव्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि पाझर कमी होतो. बर्फ थेट लावू नका.

तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर

हे वेगळं लिहायला हवं, कारण खर्ऱ्यानं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणानं, आपल्याकडे घरोघरी हे दुखणं आणलंय. जबड्याचं किंवा जिभेचं ऑपरेशन करताना मानेतल्या गाठीही काढतात, पुढे शेक म्हणजे रेडिएशन होतं. मग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हनुवटीखाली, गालावर सूज धरते. सकाळी जास्त, दिवसा थोडी कमी. सुरुवातीला मऊ असते, दुर्लक्ष केलं की घट्ट होत जाते. गिळायला, मान वळवायला त्रास होतो.

अशा माणसानं वरच्या पायऱ्या जशाच्या तशा करू नयेत. मानेतली नेहमीची वाट कापली गेलेली असते किंवा रेडिएशननं आखडलेली असते. पाणी तिकडेच लोटून काही होत नाही. त्याला वळसा घालून छातीवरून काखेतल्या गाठींकडे किंवा दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं, आणि कोणत्या बाजूच्या गाठी काढल्यात यावर ती दिशा ठरते. रेडिएशनची कातडी नाजूक असते, ती भरून येईपर्यंत तिला बोट लावायचं नाही. शिवाय सूज पुन्हा उगवलेल्या गाठीची नाही, हे आधी डॉक्टरांनी पाहून सांगितलं पाहिजे.

नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात, सेवाग्रामला किंवा जिथं ऑपरेशन झालं तिथं पुढच्या तपासणीला जाल तेव्हा फिजिओथेरपी विभागात मुद्दाम चौकशी करा. सोबत घरातलं एक माणूस न्या आणि दाखवलेले हात त्याच्याकडून तिथंच करवून घ्या. मोबाइलवर शूट करून आणा, म्हणजे गावी आल्यावर दिशा चुकत नाही. फाइल आणि ऑपरेशनचा कागद बरोबर ठेवा. कोणत्या बाजूच्या गाठी काढल्या ते त्यात लिहिलेलं असतं आणि फिजिओथेरपिस्टला आधी तेच पाहायचं असतं.